पेटिग्रूबाईचा ठोका

पेटिग्रूबाई गेली ऑगस्टच्या थंडीत, आणि सप्टेंबरात तिच्यामागे डूगल गेला. खिंडीतल्या गावात ही दोन मरणं लोक एका दमात सांगत, त्यामुळे आगगाडीतून उतरलेल्या परक्या माणसाला वाटे, की बाई डूगलच्या नात्यातली कुणी असणार. बाई म्हणजे कीआ होती. हिवाळा ऑगस्टात येतो अशा दक्षिण बेटाच्या डोंगरांवर, जिथे झाडं संपतात आणि दगड सुरू होतात, तिथे राहणारी हिरवी पोपटीण. पहिल्यांदा तिला जाळ्यात धरून पायात कडं घातलं, तेव्हा सुटल्यावर ती पळाली नाही. तिने डूगलची पिशवी उघडली आणि आतली एकेक वस्तू बर्फावर मांडून ठेवली. गावच्या जुन्या शाळेत पेटिग्रू नावाच्या बाई मुलांची दप्तरं अशीच उलटी करायच्या. मेरानिया त्यांच्या हाताखाली शिकलेली. तिने तिथल्या तिथे बारसं करून टाकलं.

मेरानिया स्टेशनावरचं कँटीन चालवायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने आडवी, पण चढावर भल्याभल्यांना मागे टाकणारी. अख्खं गाव तिला आंटी म्हणे. ती, डूगल, रस्त्याच्या कामावरचा बेव्हन आणि अधूनमधून येणारे दोघं-चौघं मिळून या डोंगरातल्या कीआंची राखण करत. त्याचा पगार नव्हता की बिल्ला नव्हता. पाखरांची अंडी-पिल्लं खाणाऱ्या स्टोट नावाच्या जनावरासाठी सापळे लावायचे, मेलेले स्टोट काढून नवं आमिष ठेवायचं. जुन्या घरांच्या पत्र्यांतले शिशाचे खिळे उपटायचे, कारण ते चावून चावून पाखरं भ्रमिष्ट होत आणि मरत. काही माद्यांच्या पाठीवर बोटभर लांबीचा ट्रान्समीटर बांधलेला असे, त्याचा आवाज उंच धारेवर जाऊन रिसीव्हरवर ऐकायचा. प्रत्येकीचा नंबर वेगळा. पेटिग्रूबाईचा चौदा. पाखरू जिवंत असलं की ठोका सावकाश पडतो. एक दिवसभर ते हललं नाही, की तोच ठोका दुप्पट घाईने पडायला लागतो. मेलेल्याला कसली घाई, असं बेव्हन दर वेळी विचारायचा.

ऑगस्टात चौदाचा ठोका घाईचा झाला. मेरानिया आणि डूगल मॅक्वीनच्या ओढ्याने वर घरट्यापाशी गेले. घरटं म्हणजे बीच झाडाच्या मुळांखाली दगडांत शिरलेलं खोल बीळ. तोंडाशी लावलेल्या कॅमेऱ्यात सगळं आलं होतं. स्टोट आत गेला तो, आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन मिशा पुसत बसला तो. मुंगसाच्या निम्म्यानेही नसेल ते जनावर. बिळाच्या तोंडाशी हिरवी पिसं पडली होती. डूगलने पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घातला, पण ट्रान्समीटर काही हाताला लागला नाही.

"राहू दे," मेरानिया म्हणाली. "बॅटरी संपेल तेव्हा संपेल."

"म्हणजे ही इथे टकटक करत पडणार, आणि आपण खाली बसून चहा पिणार."

"ती नाही करत टकटक. यंत्र करतंय."

"तुला माहितीय मला काय म्हणायचंय ते," डूगल म्हणाला. तो उठला, गुडघे झटकले आणि उतरू लागला. पुलाजवळ आल्यावर म्हणाला, "लांब दांड्याचा आकडा करून आणतो. ट्रान्समीटर महाग असतो."

ट्रान्समीटर महाग होता हे खरंच होतं. पण त्यासाठी तो जाणार नव्हता, हे मेरानियाला तेव्हाच कळलं होतं.

त्यानंतर कुणालाही न सांगता तो एकटाच गेला. त्याची गाडी पुलापाशी उभी सापडली. पुलापासून तीन दऱ्या फुटतात. त्या आठवड्यात आधी कंबरभर बर्फ पडलं होतं आणि पाठोपाठ पाऊस झाला होता. नदी दोन्ही काठ खात चालली होती. शोध घेणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की एवढ्या बर्फातून माणूस वर जाऊच शकत नाही, हा उताराच्या जागी नदी ओलांडताना वाहून गेला असणार. काठावर त्याचा एक हातमोजा मिळाला, आणि मग कुणाला शंका उरली नाही. हेलिकॉप्टर समुद्रापर्यंत नदीवरून फिरलं. कुत्री फिरली. तिसऱ्या दिवशी मेरानिया रिसीव्हर घेऊन धारेवर गेली आणि तिने चौदा नंबर लावला. सावकाश नाही, घाईचा नाही, कसलाच ठोका नाही. गारठ्याने बॅटरी बसली असेल असं समजून ती खाली आली.

डूगलची बायको ऊना रोज संध्याकाळी थर्मास घेऊन नदीकाठी जाऊन बसू लागली. त्याचा थोरला भाऊ नॉर्व्हल खिंडीच्या पलीकडे, कोरड्या बाजूला मेंढ्या राखायचा. प्रेताशिवायच्या प्रार्थनेला तो आला होता. प्रार्थना संपल्यावर सभागृहाच्या दारात उभा राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या बापाने ह्या पोपटांच्या चोची सरकारला विकून आम्हाला बूट घेतले. कीआ मेंढीच्या पाठीवर बसून जिवंतपणी चरबी खातो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. आणि हा त्यांच्यासाठी मेला." मेरानियाने त्याच्या हातात चहाचा कप दिला. तो त्याने तसाच खिडकीत ठेवला आणि निघून गेला.

नोव्हेंबर सरत आला, बर्फ वर वर सरकत गेलं. एका सकाळी मेरानिया धारेवर उभी राहून नंबर लावत होती. खाली दरीत ढग भरलेला, वर लख्ख ऊन. अकरा ठीक होती. बारा ठीक होती. तेरा खडकाआड असावी. पुढे चौदावर बोट गेलं ते सवयीने.

टक्. आणि बऱ्याच वेळाने, टक्.

सावकाश. जिवंत पाखराचा ठोका.

तिने रिसीव्हर बंद करून पुन्हा लावला. ठोका तोच. अँटेना घरट्याच्या दिशेला धरली तर आवाज अगदी क्षीण झाला. हळूहळू वळवत दक्षिणेला, मॅक्वीनच्या ओढ्याच्या माथ्याकडे धरली, तर तो असा स्वच्छ झाला की जणू कुणी दार ठोठावतंय. त्या बाजूला नुसते कडे आणि जुन्या बर्फाचे पट्टे. "बाई?" ती मोठ्याने म्हणाली, आणि आपल्याच आवाजाने दचकली.

उतरताना ओढ्यापाशी ती थांबली, ओंजळीत पाणी घेतलं आणि डोक्यावरून शिंपडलं. मसणवटीतून परतताना तिची आई तसं करायची. मग घरी गेली आणि कुणाला काही बोलली नाही.

पुढच्या वेळी ठोका घाईचा होता, आणि येत होता उलट बाजूने, पूर्वेच्या घसरणीवरून. त्याच्या पुढच्या वेळी काहीच नाही. मग पुन्हा सावकाश, तिसऱ्याच ठिकाणाहून. बाई मरत होती, उठत होती, हिंडत होती, पुन्हा मरत होती. मेरानियाची झोप उडाली. कँटीनमध्ये दुधाच्या नळातून थेंब पडला तरी तिचा हात थबके, आणि गिऱ्हाईक विचारी, "काय झालं, आंटी?"

शेवटी तिने बेव्हनला सांगितलं. तो गल्ल्यापाशी उभा राहून बारक्या मासोळीची अंड्यातली धिरडी खात होता. तोंड भरलेलं असताना हसला. "बघ, मेल्यावरही हजेरी घेतेय. मास्तरीण ती मास्तरीणच."

"तू चल माझ्याबरोबर."

"यंत्र बिघडलंय, आंटी. पाण्यात पाडलं असशील तू."

"म्हणून तर म्हणते, चल."

तो आला. वाटेत त्याचं तोंड चालूच होतं. पेटिग्रूबाईंनी त्याला एकदा कोपऱ्यात उभं केलं होतं, तेव्हापासून आपल्याला भुतांची भीती उरलेली नाही, वगैरे. धारेवर मेरानियाने रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्याने ऐकलं. दुसऱ्या नंबरावर नेऊन पाहिलं, परत चौदावर आणलं. खाली आणलेली पिसं त्याने स्वतः बघितली होती, कॅमेऱ्यातलं चित्रही बघितलं होतं. ठोका सावकाश पडत राहिला. मग यंत्र तिच्याकडे देत बेव्हन म्हणाला, "बंद कर ते, आंटी." आणि परतीच्या वाटेवर तो तिच्या पुढेच चालत राहिला, मागे राहायला तयार होईना.

त्याच आठवड्यात ऊना कँटीनमध्ये आली. थर्मास भरून घ्यायला येई तशीच. पण झाकण लावून झाल्यावरही ती गेली नाही.

"तू अजून वर जातेस ना?"

"जाते."

"काही ऐकू येतं तुला?"

मेरानियाने फडक्याने गल्ला पुसायला घेतला. "वारा असतो," ती म्हणाली.

"मला तर तेवढंही नाही," ऊना म्हणाली. "नदीचा एवढा आवाज असतो, पण मला वाटतं त्यात काही नाही. रिकाम्या घरात नळ सोडल्यासारखं वाटतं. तो तिथे आहे असं मला एकदाही वाटलेलं नाही, मेरानिया. मग मी कुठे जाऊन बसू?"

ती उत्तरासाठी थांबली नव्हती. पण ते वाक्य मेरानियाच्या मनात रुतलं. दुसऱ्या दिवशी कँटीनला कुलूप घालून ती डोंगर चढली, धारेवर न थांबता पुढे गेली आणि ठोका नेईल तिकडे चालत राहिली.

मॅक्वीनच्या माथ्याजवळ, दगडांच्या घसरणीवर तिला पाखरं दिसली. तीन तरुण कीआ, डोळ्यांभोवती अजून पिवळं कडं असलेली. दोघं एका वस्तूची ओढाओढ करत होती. तिसरा बाजूला उताणा पडून पाय हलवत होता. वस्तूला तारेची शेपटी होती. मेरानियाने दुर्बीण लावली. ट्रान्समीटर. जो जिंकला तो यंत्र चोचीत धरून दगडावर चढला, खाली टाकला, घरंगळताना बघितला, आणि पुन्हा त्यामागे धावला. तिच्या गळ्यात लटकलेल्या रिसीव्हरमध्ये ठोका सावकाश पडत होता. पाखरांनी खेळून खेळून यंत्राला जिवंत ठेवलं होतं. कंटाळून ती टाकून जात, तेव्हा ते मरे.

ती मटकन खाली बसली. आधी तिला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. आणि हसता हसताच ते तोंडावर गोठलं. कारण ही वस्तू हात पोचणार नाही इतक्या खोल बिळात होती. कीआ त्यात शिरून ती काढणार असते, तर ऑगस्टातच काढली असती. आकडा घातला तरच ती निघणार. आणि सप्टेंबरात ती मुकी का होती, तेही आता तिच्या ध्यानात आलं. ट्रान्समीटर काढला, की त्यावर लोहचुंबक ठेवून चिकटपट्टी गुंडाळायची. चुंबकाने तो झोपी जातो. डूगल ते कधी विसरला नसता. तो वर आला होता. बाईला घेऊन, तिला गप्प करून, पिशवीत घालून तो परत निघाला होता. ओढा फुगलेला म्हणून वरून वळसा घेत असेल; नदीपर्यंत तो पोचलाच नव्हता. आता बर्फ उतरलं होतं, पिशवी उघडी पडली होती, आणि या पोरांनी चुंबक उचकटून बाईला जागं केलं होतं.

तिघांपैकी एकाच्या पायात निळं कडं होतं. ते मेरानियानेच गेल्या वर्षी घातलेलं. पेटिग्रूबाईचा पोरगा.

ती ऊनाकडे गेली नाही. पोलिसांकडेही आधी गेली नाही. खिंड ओलांडून ती नॉर्व्हलकडे गेली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. डूगल त्याचा होता, एवढंच. नॉर्व्हल आवारात मेंढ्यांच्या शेपट्यांकडची लोकर कातरत होता. त्याने मान वर केली नाही.

"चंदा मागायला आली असशील तर पाय मोकळे करून परत जा."

"डूगल नदीत नाही, नॉर्व्हल."

त्याने हातातली मेंढी सोडली. ती अर्धी कातरलेली उठून पळाली. मेरानियाने सगळं सांगितलं, काही न गाळता. ट्रान्समीटर, चुंबक, तीन पाखरं. ऐकताना त्याचा चेहरा दगडासारखा होता.

"म्हणजे ते पोपट माझ्या भावाच्या पिशवीशी खेळतायत."

"हो."

"आणि पिशवीजवळ तो आहे."

"असावा."

"मग पिशवीशीच कशाला खेळत थांबतील ते?" नॉर्व्हल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुलापाशी आला तेव्हा त्याच्या खांद्याला रायफल होती. "हरणासाठी," तो म्हणाला. म्हातारा सत्तरीकडे झुकलेला, पण दगडांवरून असा चालत होता की जणू जिना त्याच्या घरचा. एकदाच तो थांबून म्हणाला, "लहानपणी डूगल माझ्यामागे यायचा इथे. मी मारलेला पक्षी उचलायचं काम त्याचं. तो उचलायचा आणि आधी डोळे मिटवायचा त्याचे. बाप चिडायचा, म्हणायचा चोच हवीय, डोळे नकोत."

घसरणीवर ते दोघं दगडाला टेकून बसले. ऊन चढलं तशी पाखरं आली. आधी आवाज, कड्यावरून फेकल्यासारखा, "की-आऽ", मग पंखांखालचा नारिंगी रंग. या वेळी त्यांच्याकडे ट्रान्समीटर नव्हता. पायात निळं कडं असलेल्या पोराच्या चोचीत केशरी कापडाची चिंधी होती. डूगलचं जाकीट तसलंच होतं. ऊनाने ते मुद्दाम भडक रंगाचं घेतलं होतं, हरवलास तर दिसशील म्हणून.

नॉर्व्हलने रायफल खांद्यावरून उतरवली. घाई केली नाही. दगडावर कोपर रोवलं, डोळा लावला. पाखरू वीस पावलांवरही नव्हतं. मान वाकडी करून ते त्याच्याकडेच बघत होतं. पळायचं त्याच्या मनातही नव्हतं. कीआंची जात अशीच मेली. बंदूक दिसली की ती काय आहे बघायला जवळ येत.

मेरानियाने नळीला हात लावला नाही. फक्त म्हणाली, "यांना मारलंस तर कुणाच्या मागे जाणार आपण?"

बराच वेळ नळी तशीच राहिली. मग खाली आली. नॉर्व्हलने गोळी काढून खिशात टाकली. पाखरं उडाली, थोडं पुढे जाऊन बसली, वळून बघितलं, पुन्हा उडाली. हे दोघं त्यांच्यामागे दगडातून चढत गेले. जणू तीच यांना बोलवत होती. मेरानियाला त्या चालण्याची नंतर कितीतरी दिवस स्वप्नं पडली.

कड्याच्या पायथ्याला, सावलीत, वरून कोसळलेल्या मळक्या बर्फाचा एक ढीग अजून वितळायचा होता. त्याच्या कडेला पिशवी होती. पट्टे कुरतडलेले, कप्पे उघडे. आतल्या वस्तू एकेक करून दगडांवर पसरलेल्या, चमचा, पाण्याची बाटली, लांब दांड्याचा आकडा. पलीकडे बर्फातून केशरी खांदा वर आला होता.

"तू थांब," नॉर्व्हल म्हणाला. पण मेरानियाला दिसलं होतं. जाकीट फाडलेलं, आतला कापूस वाऱ्याने विखुरलेला. कापसाखाली लोकरीचा सदरा होता, आणि सदऱ्यालाही भोक होतं. फार मोठं नव्हतं. चेहरा बर्फात होता, तिने देवाचे आभार मानले. नॉर्व्हलने आपला जाड कोट काढला आणि त्या खांद्यावर घातला. कडा नीट खोचल्या, झोपलेल्या पोराला घालावं तसा. मग तिथेच दगडावर बसला.

मेरानियाने आपल्या माणसांच्या, बेटावरच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत, आजीकडून शिकलेली प्रार्थना म्हटली. आवाज कड्यावर आपटून परत आला. मग ती थोडी वर चढून फोन लागतो का बघायला गेली. परत येताना तिला दिसलं, पाखरं पुन्हा उतरली होती. निळ्या कड्याचं पाखरू नॉर्व्हलच्या पायाशी होतं आणि त्याच्या बुटाची नाडी सोडवत होतं. नॉर्व्हलने एकदा पाय झटकला. ते दोन उड्या मागे गेलं, परत आलं. दुसऱ्यांदा त्याने पाय हलवला नाही. गुडघ्यांत डोकं घालून तो रडत होता, आणि पाखरू मन लावून नाडी ओढत होतं.

डूगलला हेलिकॉप्टरने खाली आणलं. या वेळच्या प्रार्थनेला पेटी होती. नॉर्व्हल या खेपेला चहा प्यायला. त्यानंतर साताठ दिवसांनी ऊना कँटीन बंद व्हायच्या वेळेला आली आणि खुर्ची ओढून बसली. थर्मास आणला नव्हता.

"नॉर्व्हल म्हणाला, पाखरांनी त्याला हात लावला नव्हता."

मेरानियाने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"नॉर्व्हलला आयुष्यात पहिल्यांदा कीआंबद्दल चांगलं बोलताना ऐकलं मी," ऊना म्हणाली. "म्हणून तुला विचारतेय."

"लावला होता," मेरानिया म्हणाली. "डावा खांदा. थोडासा."

ऊनाने मान हलवली. जणू कुणी तिला एखादा पत्ता सांगितला होता आणि ती तो पाठ करत होती. "बाईची पोरं?"

"एक तिचा होता."

"डूगलला हे सांगितलं असतं, तर पोट धरधरून हसला असता तो. म्हणाला असता, अखेर माझा काही उपयोग झाला." ती जरा थांबली. "मला नाही येत हसायला."

"येऊ नये."

"मला त्यांचा राग यायला हवा ना? तोही नीट येत नाही. सकाळी पत्र्यावर येऊन बसतात. पूर्वी तो बाहेर जाऊन त्यांच्याशी भांडायचा, मी आतून ऐकायची. आता ते चोच घासतात आणि मी पांघरुणात पडून विचार करते, ह्यांच्यापैकी कोण. ते ओळखतात का गं माणसं?"

"ओळखतात."

"मग मलाही ओळखत असतील," ऊना म्हणाली, आणि तिने शाल अंगाभोवती घट्ट ओढली.

ट्रान्समीटर परत मिळाला नाही. पाखरांनी तो कुठल्या कपारीत टाकला कोण जाणे. बेव्हनने रिसीव्हरवरून चौदा नंबर काढून टाकावा असं सुचवलं. मेरानिया म्हणाली, राहू दे. पण ती स्वतः तो नंबर आला की बटण लवकर दाबून पुढे जाई. मॅक्वीनच्या वाटेवरचे सापळे नॉर्व्हलने मागून घेतले. कुणाबरोबर जात नसे. सापळ्यात स्टोट सापडले की ते पुलाच्या कठड्यावर शेपट्यांना बांधून लटकवी, मेंढीचोर कुत्र्यांना पूर्वी लटकवत तसं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांच्या तक्रारी आल्या, तरी त्याने ते सोडलं नाही. त्याच्या मनात पाखरांबद्दल आता काय होतं, हे कुणाला कळलं नाही. विचारायची कुणाची छातीही झाली नाही.

फेब्रुवारीत वरच्या अंगाला एका नव्या मादीची पिल्लं पंख मारू लागली. बेव्हनला वाटलं, एकाचं नाव डूगल ठेवावं. गावालाही ते पटलं. मेरानिया ऊनाला विचारायला गेली. ऊना पेट्या भरत होती. नेल्सन शहरात बहिणीकडे जायचं तिने ठरवलं होतं.

"नका ठेवू," ती म्हणाली. "नाव ठेवाल, मग रोज कुणीतरी सांगत येईल, डूगल आज दिसला, डूगलने आज काय खाल्लं. आणि एक दिवस त्यालाही स्टोट नेईल, मग ते पण सांगाल. मी एकदाच ऐकलंय ते. पुरे झालं."

ती गेली त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. सामान गाडीत घालून ती मेरानियाचा निरोप घ्यायला कँटीनपाशी थांबली. दोघींनी नाकाला नाक लावलं, कपाळाला कपाळ, मेरानियाच्या माणसांत करतात तसं, आणि बऱ्याच वेळाने सुटल्या. ऊना गाडीत बसली. तेवढ्यात पाखरं आली. चार-पाच असतील. टपावर उतरली, घसरली, सावरली, आणि काचांच्या कडेचं रबर उचकटायला लागली. एक वायपरला लोंबकळलं. कँटीनमधले प्रवासी फोन घेऊन बाहेर धावले. मेरानिया फडकं घेऊन त्यांना हाकलायला पुढे झाली.

काचेआडून ऊनाने हाताने खूण केली, राहू दे.

तिने गाडी सुरू केली नाही. भोंगा वाजवला नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून ती समोर बघत बसून राहिली. तिच्या डोक्यावर पत्र्याचा खडखडाट चाललेला. काचेतून एक पाखरू मान वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघत होतं. ऊनाने त्याच्याकडे बघितलं की नाही, ते मेरानियाला बाहेरून दिसलं नाही. पाऊस सुरू झाला, प्रवासी आत पळाले. मेरानिया फडकं हातात धरून तशीच भिजत उभी राहिली. पाखरांना पावसाचं काही नव्हतं. त्यांनी रबराची एक लांब पट्टी सबंध सोडवून काढली, तिच्यावरून आपसात भांडली, आणि ती घेऊन एकामागून एक कड्याच्या दिशेने उडाली. मग गाडीचे दिवे लागले.

मेरानियाने आत जाऊन डोकं पुसलं आणि चहाचं पाणी ठेवलं. आगगाडी यायची वेळ झाली होती.